पिस्तुलाला .२२ चा साज

वाचक विचारतात : नेमबाजी

गेल्या अंकात काडतुसांचे प्रकार सांगताना 'कन्व्हर्जन किट'चा ओझरता उल्लेख आला होता. पत्रे मात्र नेमकी त्याच उल्लेखावर आली, म्हणून या वेळची पाने त्यालाच देत आहोत. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचे तर, .२२ च्या काडतुसात ठिणगी देणारा मसाला बुडाच्या पातळ कडेत भरलेला असतो, म्हणून ते रिमफायर. ९ मिमी, .३२, .४५ या काडतुसांना बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असते, म्हणून ती सेंटरफायर. मोठ्या पिस्तुलाची फ्रेम (खालचा सांगाडा), मूठ आणि ट्रिगर तसेच ठेवायचे. वरची स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि मॅगझिन मात्र.२२ लाँग रायफल काडतुसाची बसवायची. या बदली सामानाला किट म्हणतात.

प्रश्न : मी मूळचा डिचोलीचा, नोकरीसाठी टेक्सासला असतो. माझ्याकडे १९११ नमुन्याचे .४५ आणि सीझेड ७५ (९ मिमी) अशी दोन पिस्तुले आहेत. सरावासाठी .२२ चे किट घ्यायचे आहे. कोणत्या पिस्तुलासाठी घेऊ, आणि कोणत्या जातीचे? की सरळ वेगळे .२२ पिस्तूल घेऊ?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेऊ. नुसत्या स्वस्त गोळ्या झाडायच्या असतील तर किटच्या नादी लागू नका. तुमच्याकडे चांगल्या किटला जेवढे पैसे पडतात, साधारण तेवढ्यात एक अख्खे .२२ पिस्तूल येते. मुळातच .२२ साठी आखलेले पिस्तूल किटपेक्षा कमी कुरकुरते, हेही आहेच. किट घ्यायचे ते एकाच कारणासाठी : मूठ तीच, सेफ्टीचा खटका त्याच जागी आणि ट्रिगरची ओढ तीच. ज्या पिस्तुलाने तुम्ही स्पर्धेत उतरता किंवा जे सर्वांत जास्त वापरता, त्याचे किट घ्या. कपाटात पडून असलेल्या पिस्तुलाचे किटही कपाटातच पडून राहते.

आता जात. इथे थोडे गणित समजून घेतले तर जाहिराती वाचाव्या लागत नाहीत. .२२ ची ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी पिस्तुलाच्या नळीतून सेकंदाला सुमारे २९० मीटर वेगाने निघते. ९ मिमीची साडेसात ग्रॅमची गोळी साधारण ३५० ने जाते, .४५ ची पंधरा ग्रॅमची सुमारे २५५ ने. वजन आणि वेग यांचा गुणाकार केला की मागे बसणारा धक्का कळतो. ९ मिमीचा धक्का .२२ च्या साडेतीनपट, .४५ चा पाचपट भरतो. .४५ ची पोलादी स्लाइड एवढ्याशा धक्क्याने मागे ढकलली जाणारच नाही. म्हणून बहुतेक किटांत स्लाइड अॅल्युमिनियमची असते, पोलादाच्या एक तृतीयांश वजनाची. मोठ्या पिस्तुलाची नळी झाडताना स्लाइडशी गुंतून थोडी मागे येते आणि मग कलते. किटमध्ये ती भानगड नाही. नळी जागची हलत नाही आणि काडतुसाची पितळी पुंगळीच स्लाइडला मागे रेटते.

वजन कमी करण्याच्या तीन वाटा दिसतात. पहिली, अख्खी स्लाइड अॅल्युमिनियमची : १९११ आणि ग्लॉकसाठीची अॅडव्हान्टेज आर्म्सची किटे या जातीची. दिसायला मूळ पिस्तुलासारखी, उघडझाकही तशीच. दुसरी वाट म्हणजे पुढचा भाग फ्रेमला पक्का आणि मागचा तुकडाच हलणारा. सीझेडचे 'कॅडेट' असे आहे. ते पोलादी असल्याने हातातले वजन जवळपास मूळ पिस्तुलाएवढेच राहते आणि साइट (नेम धरण्याची खूण) नळीबरोबर स्थिर राहते. १९११ साठी मार्व्हल आणि नेल्सन यांची किटेही याच विचाराची. अचूक नेमबाजीवाले तीच पसंत करतात, कारण साइटची पट्टी नळीला धरून असते, स्लाइडबरोबर मागेपुढे होत नाही. तिसरी वाट जुनी आहे. कोल्टने १९३१ मध्ये 'एस' हे .२२ पिस्तूल काढले, पुढे 'सर्व्हिस मॉडेल एस' मध्ये कार्बाइन विल्यम्स यांचा 'तरंगता चेंबर' (चेंबर म्हणजे काडतूस बसते तो नळीचा भाग) घातला आणि १९३८ मध्ये .४५ वर बसणारे किटही विकायला आणले. चेंबरचा सुटा तुकडा वायूच्या दाबाने मागे सरकून स्लाइडला ठोसा देतो, त्यामुळे पोलादी स्लाइडही चालते आणि हाताला .४५ च्या जवळपास धक्का जाणवतो. कल्पना देखणी, पण तुकड्याच्या फटीत शिसे आणि काजळी साचून तो अडकतो. संग्राहकांनी जपावे असे ते सामान आहे. रोजच्या सरावाला नको.

तुमच्या बाबतीत आमचे मत 'कॅडेट'कडे झुकते, अर्थात सीझेड हेच तुमचे रोजचे पिस्तूल असेल तर. .४५ ने पंचवीस आणि पन्नास यार्डांवर गुण मोजून झाडत असाल तर मात्र १९११ वर मार्व्हल किंवा नेल्सन.

घेण्याआधी फ्रेम नीट ओळखा, कारण परत पाठवलेल्या किटांत दोष बहुधा किटचा नसतो, मापाचा असतो. १९११ मध्ये पूर्ण लांबीची गव्हर्नमेंट फ्रेम, की आखूड कमांडर किंवा ऑफिसर? ८० मालिकेच्या फ्रेममध्ये फायरिंग पिन अडवणारी सेफ्टी उघडण्याचे छोटे दांडके असते, ७० मालिकेत नसते. किट दोन्हींना चालते का ते पाहा. .४५ च्या फ्रेमवरचा पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर आणि ९ मिमीच्या १९११ वरचा इजेक्टर वेगळ्या आकाराचे असतात. .४५ साठी आखलेले किट ९ मिमीच्या १९११ वर बसते, पण पुंगळी बाहेर पडायच्या दारातच अडकते आणि माणूस काडतुसाला शिव्या देतो. ग्लॉकमध्ये १७ आणि २२ एका मापाचे, २० आणि २१ मोठ्या मापाचे, शिवाय पिढ्यांप्रमाणे फरक. सीझेडचे किट सीझेडच्या फ्रेमवरच लावावे. त्या घडणीच्या इटालियन किंवा तुर्की पिस्तुलांची मापे जुळतीलच असे नाही. आणखी एक, दोन मॅगझिनवर थांबू नका. किटचे काय बिघडते असे विचाराल तर आधी मॅगझिनचे ओठ, मग बाकी सगळे. दहा गोळ्यांची तीन-चार मॅगझिने सुरुवातीलाच घ्या आणि प्रत्येकावर आकडा टाका, म्हणजे रुसणारे नेमके कोणते ते कळते.

प्रश्न : माझा चुलत भाऊ अमेरिकेत आहे. तिथे असे किट कोणतेही कागद न दाखवता पोस्टाने घरी येते म्हणतो. चतुर्थीला येताना सामानातून आणू का, असे विचारतोय. हे पिस्तूल नाही, नुसता सुटा भाग आहे ना? (म्हापसा)

उत्तर : आणू नये. भावाला आजच कळवा.

त्याचे म्हणणे त्याच्या देशापुरते बरोबर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात क्रमांक असलेली फ्रेम म्हणजे शस्त्र. स्लाइड आणि नळी हे सुटे भाग. आपल्याकडे गणित उलटे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या 'फायरआर्म'च्या व्याख्येतच त्याचे भागही येतात. म्हणजे तुमच्या बॅगेतली स्लाइड आणि नळी कायद्याच्या नजरेत पिस्तूलच. परवान्याशिवाय शस्त्र देशात आणणे हा तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. मोपाला किंवा दाबोळीला क्ष-किरण यंत्रातून बॅग जाताना पिस्तुलाच्या स्लाइडचा आकार लपत नाही, हे वेगळे सांगायला नको. आयातीची वाट आहे ती नेमबाजीत ठरावीक दर्जा गाठलेल्या खेळाडूंसाठी आणि संघटनांसाठी, तीही आधी परवानगी हातात घेऊन.

याच कायद्याचे सहावे कलमही वाचून ठेवा. पूर्वी त्यात नळी आखूड करणे आणि खोट्या शस्त्राचे खरे करणे एवढेच होते. २०१९ मध्ये एका वर्गातले शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणेही परवान्याशिवाय करता येणार नाही, अशी भर पडली. बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) बदलणारे कोणतेही सामान लावण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी अर्ज करावा आणि लेखी उत्तर घ्यावे. 'साहेब हो म्हणाले' याला नंतर कोणी विचारत नाही.

प्रश्न : माझ्याकडे परवान्याचे .३२ पिस्तूल आहे, शेतघरावर राहतो. गोळ्या महाग, वर्षाला मिळतात त्याही मोजक्या. .२२ किट लावून सराव करता येईल का? (फोंडा)

उत्तर : नाही, आणि त्याची कारणे दोन. किटे निघतात ती जगात लाखांनी खपलेल्या फ्रेमांसाठी : १९११, ग्लॉक, सीझेड ७५, बेरेटा ९२, सिग. त्यांतली ९ मिमीची पिस्तुले आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, सामान्य परवान्यावर मिळतच नाहीत. म्हणून गोव्यात किटचा प्रश्न बहुधा पुस्तकीच राहतो. दुसरे कारण परवान्याचे. त्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर, क्रमांक आणि किती काडतुसे बाळगता येतील हे लिहिलेले असते. .२२ ची नोंद नसेल तर .२२ चे एक काडतूसही खिशात असणे गुन्हा आहे, किट असो वा नसो.

तुम्हाला हवा आहे तो सराव दुसरीकडून मिळतो. .१७७ म्हणजे ४.५ मिमी बोअरचे आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीचे एअर पिस्तूल परवान्याशिवाय घेता येते. दहा मीटरची जागा, मागे पक्की भिंत, तिच्यापुढे छर्रा अडवणारी पेटी. ट्रिगर सावकाश दाबणे, साइटकडे बघणे, श्वास सोडणे, हे सगळे त्यावर शिकून होते. .३२ च्या गोळ्या वर्षातून दोनदा रेंजवर जाऊन झाडा, तेवढ्यावर हात टिकतो.

प्रश्न : मुलगी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते. क्लबातल्या सरांचे म्हणणे, .२२ आणि .३२ दोन्ही बसणारे टार्गेट पिस्तूल असते. ते हेच का? तिला घ्यावे का? (मडगाव)

उत्तर : नाते तेच, पण प्रवास उलट दिशेचा. वॉल्थर जीएसपी किंवा हॅमर्ली २८० सारखी पिस्तुले पहिल्यापासून दोन काडतुसांचा विचार करून बांधलेली आहेत. .२२ लाँग रायफलची नळी, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा तुकडा) आणि मॅगझिन काढून .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटरचे बसवायचे. वॉडकटर म्हणजे सपाट तोंडाची, पुंगळीच्या काठाबरोबर बसवलेली गोळी. कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते. यांच्यात नळी स्थिर आणि बोल्ट मागेपुढे होणारा अशीच रचना दोन्ही काडतुसांसाठी असते, त्यामुळे किटसारखी ओढाताण होत नाही.

हे का असते ते स्पर्धेच्या नियमांत आहे. पुरुषांच्या २५ मीटर सेंटर फायरला ७.६२ ते ९.६५ मिमीच्या मधले काडतूस लागते. स्पोर्ट, स्टँडर्ड आणि रॅपिड फायरला.२२. दोन वेगळ्या पिस्तुलांपेक्षा एकच मूठ हाताला बसलेली बरी, म्हणून जसपाल राणांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुण केले त्या सेंटर फायर प्रकारात उतरणारे नेमबाज अशा जोडीच्या पिस्तुलाचा विचार करतात. मुलींचा २५ मीटर प्रकार मात्र पूर्ण .२२ वरच असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबंगला सुवर्ण जिंकले ते याच प्रकारात. तेव्हा मुलीला .३२ च्या जोडभागांची गरज नाही. पैसे चांगल्या ट्रिगरच्या, हाताच्या मापाने घासलेल्या मुठीच्या एका .२२ पिस्तुलात घाला. नियमाची चार मापे लक्षात ठेवा : ट्रिगर किमान १००० ग्रॅम, वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, नळी १५३ मिमी आणि साइटमधले अंतर २२० मिमी यांपेक्षा जास्त नको. जुने पिस्तूल पाहायला गेलात तर हजार ग्रॅमचे वजन सोबत न्या आणि ट्रिगरला टांगून उचलून बघा. ट्रिगर वजन न उचलता घसरला तर तो झिजलेला आहे.

जुन्या .२२ मध्ये आणखी एक पाहायचे. चेंबरच्या तोंडाशी, बरोबर पिन आदळते तिथे बोटाचे नख फिरवा. नख अडले तर कोणीतरी रिकाम्या चेंबरवर खूप 'ड्राय' सराव केला आहे. पिनेने कडेला बुगडी उठवली की काडतूस नीट आत बसत नाही. हे दुरुस्त होते, पण कुशल आर्मररकडूनच, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याकडूनच.

प्रश्न : मग .२२ वर ड्राय सराव करायचाच नाही का? (पेडणे)

उत्तर : करा, पण चेंबरमध्ये झाडलेली रिकामी पुंगळी घालून. प्रत्येक वेळी ती थोडी फिरवा, म्हणजे पिनेला कडेची न चेपलेली जागा मिळते. पूर्ण फेरी झाली की फेकून द्या. सेंटरफायरमध्ये पिनेसमोर मोकळी पोकळी असते, .२२ मध्ये पिनेसमोर चेंबरचे पोलाद असते. फरक एवढाच.

प्रश्न : परदेशी असताना ९ मिमीवर किट वापरतो. शंभरातल्या आठ-दहा गोळ्या फुटतच नाहीत, कधी पुंगळी दारात उभी अडकते. किट खराब निघाले का? (मूळ काणकोण, सध्या परदेशी)

उत्तर : बहुधा नाही. दोन तक्रारी आहेत, त्यांची कारणे वेगळी. एकेक घेऊ.

गोळी न फुटणे. फुसकी निघाली की नळी पुढेच धरून तीस सेकंद थांबा. उशिरा फुटणारे काडतूस.२२ मध्ये अधूनमधून भेटते. मग काढून कडेवरची खूण पाहा. खूण खोल आणि स्वच्छ असेल तर दोष काडतुसाचा : कडेत मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तेच काडतूस अर्धे फिरवून पुन्हा घातले आणि फुटले, तर ते सिद्धच झाले. खूण उथळ असेल तर दोष पिस्तुलाचा. स्लाइड पूर्ण पुढे आली नव्हती, पिनेच्या भोकात मेण आणि काजळी आहे, किंवा ट्रिगर मऊ करण्यासाठी कोणी हॅमरची (पिनेवर टोला देणाऱ्या हातोडीची) स्प्रिंग हलकी टाकली आहे. हे शेवटचे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत वारंवार दिसते. मोठी टोपी हलक्या टोल्यानेही फुटते, .२२ ची कड मात्र चेपावी लागते.

पण स्प्रिंग जड करून भागत नाही, तिथेच गंमत आहे. स्लाइड मागे जाताना हॅमर तीच उभारते. स्प्रिंग जड तर .२२ चा तोकडा धक्का हॅमर उभारण्यातच खर्च होतो, स्लाइड अर्धीच मागे जाते आणि पुंगळी दारात उभी राहते. १९११ ची मूळ हॅमर स्प्रिंग २३ पौंडांची असते. हळू वेगाच्या टार्गेट काडतुसांवर किट चालवणारे ती १९ पौंडांवर आणतात. त्याच्याही खाली गेले की गोळ्या फुटेनाशा होतात. दोन टोकांच्या मधली ती चार पौंडांची जागा शोधायची असते.

पुंगळी अडकण्याची बाकीची कारणे : मनगट सैल धरणे, कोरडी स्लाइड, पुंगळी चेंबरमधून ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली काजळी, आणि चुकीचे काडतूस. अॅल्युमिनियमच्या स्लाइडवाल्या बहुतेक किटांना १२०० फूट प्रतिसेकंदाच्या पुढचे हाय व्हेलॉसिटी काडतूस लागते. सीसीआय मिनी-मॅग (४० ग्रेन, १२३५ फूट) हे त्यातले भरवशाचे. मार्व्हल-नेल्सन जातीची किटे १०७० फुटांच्या स्टँडर्ड काडतुसावर नीट चालतात आणि अचूकही येतात. सीसीआय स्टिंगरसारखे अतिवेगाचे काडतूस मात्र टाळा. त्याची पुंगळी नेहमीच्या .२२ पेक्षा दोन मिलिमीटरहून लांब आहे, टार्गेटच्या घट्ट चेंबरमध्ये तिचे तोंड रायफलिंगपर्यंत, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांपर्यंत जाते. किटच्या माहितीपत्रकात काडतुसांची नावे दिलेली असतात, ती जाहिरात समजून सोडून देऊ नका. पहिल्या दोन-तीनशे गोळ्या हाय व्हेलॉसिटीच्याच झाडा, तेल नेहमीपेक्षा जरा सढळ ठेवा. अंगावर अंग घासून जागा होईपर्यंत नवे किट तक्रार करतेच.

मॅगझिन भरतानाही चूक होते. .२२ ला कड असते, म्हणून वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. ती मागे अडकली की वरचे काडतूस खालच्याला घेऊन पुढे निघते आणि दोघेही अडतात. बटण खाली ओढून काडतुसे धाडकन सोडू नका. एकेक ठेवा आणि भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच आपटा.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का जाणवला नाही, तर थांबा. पुढची गोळी झाडू नका. पिस्तूल रिकामे करून नळीत पितळी दांडी घाला. शिशाची गोळी मध्येच रुतली असेल आणि मागून दुसरी आली तर नळी फुगते.

प्रश्न : किट नवे बसवल्यावर झाडण्याआधी काय तपासावे? (मूळ डिचोलीचेच दुसरे पत्र)

उत्तर : मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्याने पाहा आणि करंगळीने चाचपा. सेंटरफायर काडतुसे टेबलावरून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. मग मूळ स्लाइड उतरवून फ्रेमच्या खाचा पुसा, एक थेंब तेल, आणि किट हाताने सरकवा. हातोडी लागली तर ते किट त्या फ्रेमचे नाही. 'कॅडेट'ला क्वचित स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड अडवणाऱ्या खटक्याच्या) जागी घासणी करावी लागते, ती आर्मररने करावी.

आता रिकाम्या पिस्तुलावर चार गोष्टी बघा. सेफ्टी लावून ट्रिगर दाबा, हॅमर पडता कामा नये. १९११ असेल तर मुठीमागची सेफ्टी न दाबता तेच करा. स्लाइड तीन-चार मिलिमीटर मागे धरून ट्रिगर दाबा. तेव्हाही हॅमर पडायचा नाही. शेवटी ट्रिगर दाबून धरा, स्लाइड मागे ओढून सोडा : हॅमर उभाच राहिला पाहिजे. रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा, मग दोन, मग पाच. एका दाबात दोन सुटल्या तर दहाने भरलेल्या मॅगझिनपेक्षा दोनच्या मॅगझिनने ते कळलेले बरे. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहत नसेल तर घाबरू नका, काही किटे तशीच असतात. राहत असेल तर ती खटक्याने सोडू नका, हाताने मागे ओढून सोडा. पोलादी खटका अॅल्युमिनियमची खाच महिन्याभरात चावून टाकतो.

प्रश्न : गावातला लेथवाला १२ बोअरच्या पुंगळीत .२२ बसवणारी नळी कातून देतो म्हणतो. (साखळी)

उत्तर : त्याला नमस्कार करा आणि घरी या. परवान्याशिवाय शस्त्र किंवा त्याचा भाग बनवणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांच्या आणि जास्तीत जास्त जन्मठेपेच्या शिक्षेचा गुन्हा आहे, बनवणारा आणि बनवून घेणारा दोघेही अडकतात. शिवाय सेंटरफायरची पिन मध्ये आदळते आणि .२२ ला टोला कडेवर हवा, हे साधे वाटणारे कोडे कारखान्यांनी वेगवेगळ्या युक्त्यांनी सोडवले आहे. अंदाजाने कातलेल्या भोकात पातळ पितळी पुंगळी आधाराविना राहते आणि फुटते, तोंडासमोर.

प्रश्न : पावसाळ्यात क्लबच्या .२२ पिस्तुलांची काळजी कशी घ्यावी? (मडगाव)

उत्तर : जून ते सप्टेंबर आणि किनाऱ्याची खारी हवा, दोन्ही एकदम. चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत पिस्तूल ठेवू नका. दोन्ही ओल धरतात आणि त्या जागी तांबूस डाग उठतो. तेलाचा हात फिरवलेले, सुती कापडात सैल गुंडाळलेले, सिलिका जेलच्या पुड्या असलेल्या कपाटात ठेवावे. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवा, पुन्हा निळ्या होतात. .२२ ची गोळी मेणाने माखलेली असते, त्या मेणावर काजळी आणि दमट हवा बसली की मलम तयार होते. म्हणून दर दोन-तीनशे गोळ्यांनी चेंबर, बोल्टचे तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरची फट साफ करा. फटीला लाकडी दातकोरणी उत्तम. नळी इतक्यांदा घासायची गरज नाही, वेड्यासारखी घासली तर तोंडाकडची धार जाते. काडतुसांचे खोके उघडे ठेवू नका. झाडून झाल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, मगच डब्याला हात लावा. काजळीत शिसे असते.

प्रश्न : निवडणुकीत शस्त्र जमा करावे लागते. जोडीची .२२ नळी आणि बोल्ट घरी ठेवले तर चालेल? (फोंडा)

उत्तर : परवान्यावर नोंद असेल तर तीही जमा करायची, सूट लेखी मिळाली असेल तरच घरी. देण्याआधी सगळे तेलाने माखा, कारण ठाण्याच्या कपाटात ते महिना-दीड महिना पडून राहते. पावतीवर प्रत्येक भागाचा क्रमांक वेगळा लिहून घ्या, मॅगझिनांची संख्याही. परत घेताना पावतीशी ताडून, तिथेच स्लाइड उघडून नळीतून उजेड पाहूनच सही करा.